मोडलेली तबकडी

दिवाळीपूर्वी माळा झाडून काढण्याची आमच्या घरची वहिवाट फार जुनी आहे. तिच्यातली गंमत अशी की, दरवर्षी त्याच वस्तू खाली येतात, त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, "हे आता एकदाचे देऊन टाका" असे कोणीतरी म्हणते, आणि सायंकाळपर्यंत त्या साऱ्या वस्तू पुन्हा माळ्यावर विराजमान होतात. यंदा मात्र एक वस्तू खालीच राहिली. तो होता आमच्या थोरल्या बंधूंनी सन २००१ मध्ये घेतलेला संगणक. मूळचा पांढरा, आता जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडलेला; आणि त्याच्या पडद्यावर वहिनींनी भरतकाम करून घातलेले आच्छादन अद्याप तसेच.

तो खाली राहिला तो आमच्या पुतण्यामुळे. नोकरीनिमित्त बेळगाव सोडून तो हैदराबादला स्थायिक झाला, त्यास आता पंधरा वर्षे होतील. यंदा पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा यांच्यासह तो चार दिवस राहावयास आला होता. संगणकावरचे आच्छादन दूर करीत त्याने विचारले, "काका, ती सीडी आहे का हो अजून यात?"

प्रश्न हसतच विचारलेला होता. तरीही स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातला झारा क्षणभर थांबला. कारण ती सीडी कोठे गेली हे आमच्या घरात सर्वांस ठाऊक आहे. ती आम्ही मोडली होती.

सन २००३ चा जानेवारी महिना. पुतण्याची एस. एस. एल. सी.ची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. त्याच्या मुंबईच्या मामांनी आदल्या गणेशचतुर्थीला येताना 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाच्या दुसऱ्या भागाची सीडी त्याला आणून दिली होती. एके रात्री साडेअकराच्या सुमारास अभ्यासाच्या खोलीतून तलवारींचा खणखणाट ऐकू आला. आम्ही तेव्हा ऐन चौतिशीतले सहशिक्षक. शिस्तीविषयीची आमची मते आजच्यापेक्षा पुष्कळच ठाम होती. आम्ही आत गेलो, यंत्रातून ती चकचकीत तबकडी काढली आणि दोन्ही हातांनी दुमडली. तिचे तुकडे झाले; एक तुकडा आमच्याच अंगठ्याला लागला. मुलगा अक्षरही बोलला नाही. त्याने खाली वाकून तुकडे वेचले, कागदात गुंडाळले आणि पुस्तक उघडले.

पुढे तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. त्या यशाचा काही वाटा आम्ही त्या रात्रीच्या कृत्याच्या खात्यावर जमा केला, आणि नंतर कित्येक पालकसभांत 'आमच्या घरचेच उदाहरण' म्हणून तो प्रसंग रंगवून सांगितला. ऐकणारे माना डोलवीत. ज्याचे उदाहरण देत होतो, त्याला मात्र त्याविषयी आम्ही एकदाही काही विचारले नाही.

यंदाच्या चार दिवसांत मुलाला 'बाबांचे बालपण' दाखवावयाचे, असा पुतण्याचा बेत होता. त्यासाठी त्याने तीन गोष्टी निवडल्या होत्या: हाच खेळ, आणि 'टॉय स्टोरी २' व 'द मेट्रिक्स' हे दोन चित्रपट. तिन्ही १९९९ सालच्या. प्रथम आम्हांस हे बालिश वाटले. अडतीस वर्षांच्या गृहस्थाने संगणकावर लुटुपुटीची युद्धे खेळत बसावे? मग ध्यानी आले की, जुन्या बाजारात 'चांदोबा'चा एखादा अंक सापडला की आम्ही तेथेच उभ्याने वाचू लागतो, आणि त्याबद्दल आम्हांस कोणी हसत नाही. उलट 'रसिक' म्हणते. प्रत्येक पिढीचा 'चांदोबा' निराळा असतो, एवढाच काय तो फरक.

तेव्हा आम्हीही खुर्ची ओढून शेजारी बसलो. जो खेळ आम्ही मोडला, तो प्रत्यक्ष पाहण्याची ही आमची पहिलीच वेळ. एखादे पुस्तक न वाचता त्यावर अभिप्राय देणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही निःसंकोच कापले असते.

आमची समजूत अशी की, खेळ सुरू होताच माणसे एकमेकांची डोकी उडवू लागत असतील. प्रत्यक्षात तो सुरू होतो मेंढरांपासून. एक गावठाण, साधारणतः तीन गावकरी आणि टेहळणीसाठी एक घोडेस्वार, एवढीच आपली दौलत. गावकऱ्यांनी मेंढरे राखावी, रानातली फळे वेचावी, लाकूड तोडावे, घरे बांधावी. धान्य, लाकूड, सोने आणि दगड या चार गोष्टींचा मेळ घालीत अंधारयुगातून सरंजामी युगात, तेथून दुर्गयुगात आणि अखेर साम्राज्ययुगात जावयाचे. लाकूड कमी पडले तर शेत होत नाही, शेत नसेल तर सैन्य पोसता येत नाही. आमचा नातू घाईघाईने सैनिक जमवू लागला, तेव्हा बाप म्हणाला, "आधी शेतं लाव." हे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. राज्यशास्त्राचा एवढा मोठा धडा आम्ही त्या रात्री दुमडला होता तर!

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरास विशेष भावली. मूळ खेळात तेरा संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, जपानी, मंगोल, पर्शियन इत्यादी. आणि हुकूम दिला की प्रत्येक संस्कृतीचा गावकरी आपापल्या भाषेत होकार देतो. सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मंडळींना माणसाने आपल्या भाषेत 'हो' म्हणण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु मनात राहिली ती त्यातील नकाशाची करामत. आरंभी सारा नकाशा काळा असतो. आपला माणूस जेथे जाईल तेवढाच प्रदेश उजळतो. तो तेथून परतला की त्या प्रदेशावर पुसटसे धुके पसरते. प्रदेश दिसत राहतो, पण कसा? आपण शेवटी पाहिला होता तसा. तेथले घर मागाहून कोणी पाडले असेल, नवा कोट उभारला असेल. आपल्याला मात्र जुनेच चित्र दिसते. खरे काय आहे हे कळण्यासाठी तेथे पुन्हा जावे लागते. नातू हे आम्हांस समजावून देत होता आणि आम्ही त्याच्या बापाकडे पाहत होतो. बावीस वर्षे आमच्या नकाशावर तो खाली वाकून तुकडे वेचणारा मुलगाच राहिला होता. त्याच्या नकाशावर आम्ही कोणत्या रूपात उभे होतो, हे विचारण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही.

सीडी मोडली तरी खेळ उरला कसा, हा प्रश्न आम्ही विचारला. त्याचे उत्तर मनोरंजक आहे. हा खेळ निर्माण करणारी 'एन्सेम्बल स्टुडिओज' ही टेक्सास राज्यातील कंपनी जानेवारी २००९ मध्ये बंद झाली. मालकी मायक्रोसॉफ्टकडे होती. पण दहा वर्षांपूर्वीच्या खेळाकडे पाहावयास तेथे तेव्हा कोणास सवड असणार? सवड होती ती खेळणाऱ्यांस. निरनिराळ्या देशांतील काही शौकीन मंडळींनी केवळ हौसेने, विनामोबदला, या खेळात नव्या संस्कृती आणि नवे नकाशे घातले. २०१३ मध्ये मूळ खेळाची सुधारित आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी या हौशी मंडळींचे काम अधिकृत पुरवणी म्हणून स्वीकारले गेले. त्या पुरवणीत भारतीय संस्कृती प्रथमच आली व पृथ्वीराजाची कथा खेळता येऊ लागली. पुढे २०१९ मध्ये सर्वस्वी नव्याने रंगविलेली आवृत्ती निघाली. २०२२ च्या पुरवणीत तर द्रविड, बंगाली आणि गुर्जर अशा स्वतंत्र संस्कृती आल्या, आणि चोल सम्राट राजेंद्राची मोहीम आमच्या नातवाने आम्हांस त्याच सायंकाळी दाखविली. ज्यांनी खेळावर प्रेम केले, त्यांनीच तो जगविला. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली याचा अर्थ ती लोकांच्या मुखी तरली, असे आमचे गुरुजी सांगत, ते आठवले. तुलना मोठी आहे, तिचा दोष पत्करून करीत आहोत.

सर्वच खेळांच्या नशिबी असे भाग्य नाही. चित्रपटाची फीत डब्यात राहिली तर निदान प्रकाशापुढे धरून पाहता येते. खेळाचे तसे नाही. त्याला त्याचेच यंत्र लागते, ते यंत्र बंद पडले की खेळही मुका होतो. 'किंगडम हार्ट्स' हा २००२ मधील गाजलेला जपानी खेळ दहा-अकरा वर्षांनी पुन्हा काढावयाचा ठरला, तेव्हा त्याची मूळ सामग्रीच हरवलेली निघाली आणि पुष्कळसे काम प्रसिद्ध झालेल्या खेळावरून नव्याने घडवावे लागले. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या निष्कर्षाप्रमाणे, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. ज्या देशात हा धंदा वाढला तेथली ही कथा! ताडपत्रे वाळवीने खाल्ली म्हणून आपण हळहळतो. येथे तर वीस-पंचवीस वर्षांतच वाळवीचे काम झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फराळानंतर 'टॉय स्टोरी २' लागला. हा चित्रपट पिक्सार या संस्थेचा. त्याच्या निर्मितीची हकीकत पुतण्याने सांगितली, ती पटकथेपेक्षा कमी नाट्यपूर्ण नाही. १९९८ मध्ये काम ऐन भरात असताना कोणाकडून तरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली गेली आणि पाहता पाहता चित्रपटाची पात्रे, दृश्ये, सारे एकामागून एक पुसले जाऊ लागले. घाईने यंत्रे बंद केली, तोवर बहुतेक भाग नाहीसा झाला होता. अशा प्रसंगासाठी प्रती करून ठेवण्याची व्यवस्था होती. पण पाहावयास गेले तो त्या प्रती सदोष निघाल्या. तेव्हा गॅलिन सुसमन या तांत्रिक विभागातील अधिकारी बाईंना आठवले की, बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून आपल्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत आहे. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा जपत, मोटारीतून कार्यालयात आणला गेला आणि चित्रपट वाचला. त्यानंतर कथेत इतके फेरफार झाले की वाचविलेला बराचसा भाग पुन्हा नव्याने करावा लागला, हेही खरे. तरी कार्यालयाच्या तिजोरीने दगा दिला आणि घरच्या कोपऱ्याने तारले, ही गोष्ट आम्हां सरकारी नोकरांनी मनाशी बाळगण्याजोगी आहे.

कथाही याच सूत्राभोवती फिरते. वूडी हे अँडी नावाच्या मुलाचे कापडी बाहुले. त्याचा हात उसवतो. त्यातच जुन्या खेळण्यांचा एक व्यापारी त्याला चोरून नेतो. तेथे वूडीला कळते की आपण साधेसुधे बाहुले नव्हे, एका जुन्या दूरदर्शन मालिकेचे नायक आहोत, आणि आता आपल्याला टोकियोच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मानाचे स्थान मिळणार आहे. कारागीर त्याचा हात शिवून, रंग देऊन त्याला नवाकोरा करतो. एकीकडे चिरंतन, सुरक्षित, निर्जीव जगणे. दुसरीकडे अँडीचा हात, जो उसवील, मळवील आणि एक दिवस मोठा होऊन विसरूनही जाईल. वूडी अँडीकडे परततो. कधीही पेटीबाहेर न निघालेले एक म्हातारे बाहुले त्याला अडवू पाहते. त्याची कडवट नजर आम्हांस ओळखीची वाटली. ज्याच्याशी कोणी खेळले नाही, त्याला दुसऱ्याचे खेळणे सोसवत नाही.

आमच्या लहानपणी आम्ही काय खेळलो? गोट्या, विटीदांडू, तेही वडिलांची नजर चुकवून. असो.

रात्री मुले निजल्यावर पुतण्याने 'द मेट्रिक्स' लावला. वाचोव्स्की भावंडांचा हा चित्रपट मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील एका दृश्याने जगभरच्या प्रेक्षकांस चकित केले: नायक मागे झुकून गोळ्या चुकवितो आणि काळ जणू थबकून त्याच्याभोवती फिरतो. अनेक स्थिर कॅमेरे वर्तुळाकार मांडून, त्यांची छायाचित्रे ओळीने जोडून ते साधले होते. आज ते दृश्य पाहून अंगावर काटा येत नाही. त्याची नक्कल इतक्यांनी केली आहे की मूळच नकलेसारखे वाटू लागले आहे. काळाने चित्रपटाची दुसरीच बाजू उजळली. यंत्रांनी मनुष्यजातीला गुंगीत ठेवून खोट्या जगात रमविले आहे, आणि त्या जगासाठी यंत्रांनी निवडलेला काळ कोणता, तर विसाव्या शतकाची अखेर. मानवी संस्कृतीचे शिखर म्हणून! पुतण्या हसून म्हणाला, "बघा काका, यंत्रांनासुद्धा नव्व्याण्णव सालच आवडतं."

आणि त्या खोट्या जगातून सुटण्याचा मार्ग काय? तारेचा दूरध्वनी. तो खणखणला की धावत जाऊन उचलावयाचा. पाणी प्यावयास उठलेला नातू दारात उभा राहून हे पाहत होता. त्याने विचारले, "बाबा, तो खिशातल्या फोनवरून का नाही जात?" बापाने समजाविण्याचा प्रयत्न केला. आम्हांस मात्र आमच्या कोनाड्यातला काळा दूरध्वनी आठवला. त्याच्या घंटेने आमच्या घरातही कित्येक बातम्या आणल्या. पुतण्याला हैदराबादेत नोकरी लागल्याची बातमी त्यावरच आली होती. त्याने आईला विचारले होते, वडिलांना विचारले होते; 'काका आहेत का' असे विचारले नव्हते. आम्ही तेव्हा त्याच खोलीत बसलो होतो.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही होऊन म्हणालो, "तुझा तो खेळ कोठपर्यंत आला होता? त्या वेळी?"

तो थोडा थांबला. "बार्बारोसाचा शेवटचा भाग राहिला होता, काका. नंतर खेळ पुन्हा घेतला. पण तो भाग कधी लावला नाही."

या खेळात ऐतिहासिक व्यक्तींच्या मोहिमा आहेत: जोन ऑफ आर्क, सलादिन, चंगीझखान, त्यांतच जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाची सहा भागांची मोहीम. एका मद्यगृहात बसलेला वृद्ध येणाऱ्या प्रवाशास ती कथा भागाभागाने सांगतो. सम्राटाचा एक बलाढ्य सरदार आहे, हेन्री, 'सिंह' म्हणून ओळखला जाणारा. तो मित्र म्हणून बाजूस उभा राहतो आणि ऐन प्रसंगी उलटतो. इतिहासातही या सॅक्सनीच्या सरदाराने इटलीच्या मोहिमेत सम्राटास साहाय्य नाकारले आणि ११८० मध्ये आपल्या जहागिरी गमावल्या. बार्बारोसा धर्मयुद्धासाठी निघाला आणि १० जून ११९० रोजी अनातोलियातील सालेफ नदीत बुडून मरण पावला. शेवटच्या भागात त्याचे शव पिंपात घालून जेरुसलेमपर्यंत न्यावयाचे असते.

आम्ही तिघे बसलो. नातवाच्या हाती उंदीर, म्हणजे माऊस, बाप सूचना देणारा, आम्ही प्रेक्षक. दोन वेळा पराभव झाला. वहिनींनी दोनदा जेवणाची आठवण केली, तेव्हा "थोडं थांबा, वहिनी, आता वेशीपाशी आलोय" असे उत्तर आमच्याच तोंडून गेले. त्या हसल्या आणि पाने झाकून ठेवली. साडेनऊला पिंप मुक्कामी पोहोचले. मग पडद्यावर चित्रे आली आणि मद्यगृहातल्या वृद्धाने अखेरचे निवेदन केले. त्यात तो आपली ओळख सांगतो. सम्राटाची ही सारी थोरवी इतका वेळ सांगणारा वृद्ध दुसरा कोणी नसून तोच तो हेन्री होता, उलटलेला.

नातू ओरडला, "अरे! म्हणजे हाच तो!"

पुतण्या काही बोलला नाही. आम्हीही नाही. एम. ए.ला कथाकाराच्या भूमिकेवर आम्ही पाने भरून लिहिले होते. अपराध्याच्याच तोंडी कथा देण्याची ही युक्ती आम्ही वर्गात कितीदा उलगडून सांगितली असेल! पण ती कथा एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती एका भागावर आलेली असताना आपण ओढून घेतली होती, हे त्या क्षणी अंगठ्याला जाणवले.

थोड्या वेळाने आम्ही म्हणालो, "त्या रात्री आमचे चुकले."

"परीक्षा जवळ होती, काका," तो म्हणाला. "रात्री साडेअकराला मी खेळायला नको होतं. पण सीडी कपाटात ठेवली असती तरी चाललं असतं."

एवढेच. याहून नेमका निवाडा आम्हांस देता आला नसता. मुलांच्या हातातली यंत्रे आज कितीतरी अधिक लोभस आणि लबाड झाली आहेत. त्यांना वेळेचे कुंपण हवे, याविषयी आमचे मत बदललेले नाही. पण कुंपण घालणे निराळे आणि झाड तोडणे निराळे. आमच्या शाळेतील कार्यालयात जप्त वस्तूंचा एक खण आहे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आम्ही तो उघडला, वस्तूंवरची नावे वाचली आणि एकेका मुलास बोलावून त्याची वस्तू परत दिली; देण्यापूर्वी ती काय आहे, ती कशी चालते, हे मात्र त्याच्याकडून समजून घेतले. एका मुलाने तर आम्हांस वीस मिनिटे शिकविले. त्या तासाला आमचे इतके चांगले शिकवून झाले असते, याची खात्री नाही.

पुतण्या हैदराबादला परतला. जुना संगणक अद्याप दिवाणखान्यात आहे. तो चालू होत नाही, तरीही माळ्यावर न्यावयास कोणी हात लावलेला नाही. जाताना नातवाने आम्हांस गृहपाठ देऊन ठेवला आहे: त्याच्या बापाने आमच्या संगणकावर चढवून दिलेल्या खेळात वीस मिनिटांच्या आत दुर्गयुग गाठावयाचे. मे महिन्याच्या सुटीत तो येऊन तपासणार आहे. आमची प्रगती, वाचकहो, अद्याप समाधानकारक नाही. मेंढरेच सापडत नाहीत.